विंचवाला औषध, वेडाला दोरखंड

लाल विंचू आकाराने लहानच असतो. कोकणात तो भाताच्या पेंढ्यात, जांभ्याच्या गडग्यात, सरपणात, कौलांखाली राहतो. नांगी लागली की आग होते आणि पुष्कळदा तेवढ्यावरच निभावतं. पण काही जणांच्या बाबतीत, विशेषतः लहान मुलांच्या, थोड्याच वेळात वेगळं काही सुरू होतं. मूल घामाने निथळतं. उलट्या होतात, तोंडातून लाळ गळते, हातपाय गार पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. ते कावरंबावरं होतं, एका जागी ठरत नाही, आईला घट्ट धरतं, पण काय होतंय ते सांगू शकत नाही. पुढच्या काही तासांत रक्तदाब भयंकर चढतो, मग हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. पन्नास वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, अशी अवस्था झालेल्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत.

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर शे-सव्वाशे किलोमीटरवर महाड लागतं. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातून आलेले तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर मरत होती. पाठ्यपुस्तकात या मृत्यूंचं नीट स्पष्टीकरण नव्हतं, उपचार तर नव्हताच. तेव्हा जी औषधं सरसकट दिली जात त्यांत अॅट्रोपीनही होतं, आणि ते या रुग्णांना अपायकारक ठरण्याचाच संभव होता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचं तापमान टिपत राहण्याचा मार्ग धरला. कोणती लक्षणं दिसली की पुढे हृदयावर संकट येणार, हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९८६ साली त्याच नियतकालिकात त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा अनुभव मांडला. ही रक्तदाबावरची स्वस्त, साधी गोळी. तिच्या वापराने मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती योग्य माणसाला मिळाली.

या कामात लक्ष द्यावं अशी गोष्ट म्हणजे प्राझोसिन विषाला हातच लावत नाही. विषातले छोटे प्रथिन-रेणू मज्जातंतूंच्या पडद्यावरच्या सोडियमच्या वाटांवर जाऊन बसतात. संदेश पुढे गेला की ही वाट मिटायला हवी, पण विष ती मिटू देत नाही. मज्जातंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होतो आणि टोकाशी साठवलेलं रसायन बाहेर टाकत राहतो. आधी अॅसिटिलकोलिन, म्हणून घाम, लाळ, उलटी. मग नॉरअॅड्रेनॅलिन आणि अॅड्रेनॅलिन, इतक्या प्रमाणात की साऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलावं लागतं. म्हणजे मूल मरतं ते स्वतःच्याच शरीरातल्या रसायनांच्या पुराने. प्राझोसिन काय करतं? रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर नॉरअॅड्रेनॅलिनचा संदेश घेणारे जे रिसेप्टर असतात ते अडवून धरतं. संदेश येतो, पण घेतला जात नाही. पुढे मुंबईच्या हाफकिनचं प्रतिविषही उपलब्ध झालं. महाडमध्येच ७० रुग्णांवर केलेल्या आणि २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेल्या चाचणीत प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ववत झाले. नुसत्या प्राझोसिनवर तेवढ्या वेळात ८ जण झाले, बाकीच्यांना जास्त वेळ लागला.

आता त्या मुलाच्या घालमेलीकडे पुन्हा बघा. ती भीती खरी असते. धडधड, थरथर, गार पडलेले तळवे, भिरभिरती नजर, घाबरलेल्या माणसाचं सगळं काही तिथे आहे. तिचं कारण समोरच्या कुठल्या प्रसंगात नसतं, मज्जातंतूच्या टोकाशी असतं. म्हणून ‘धीर धर’ म्हणून ती जात नाही आणि दटावल्यानेही जात नाही. आणि हे कोकणातल्या अडाण्यातल्या अडाणी आईलाही कळतं. विंचू चावलेल्या पोराला कुणी भित्रा म्हणत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथून सुरू होतं. आपलं शरीर आणि आपलं वागणं एकाच यंत्रणेवर चालतं, चेतापेशी आणि त्यांच्यामधली रसायनं. पण ही यंत्रणा बिघडली की बिघाडाचं ठिकाण बघून आपण माणसाचा निवाडा करतो. बिघाड छातीत असला तर तो रुग्ण. हातापायांच्या कातडीखाली असला तर कालपर्यंत तो पापी होता. मेंदूत असला तर तो आजही वेडा, झपाटलेला, नाटकी किंवा आळशी. या निवाड्याला शरीरशास्त्रात काडीचाही आधार नाही. आणि गंमत नव्हे, दुःखाची बाब अशी की हे तिन्ही बिघाड समजून घ्यायला रायगड जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही.

रसायन संदेश वाहून नेतं, ही कल्पना तशी फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटे की मज्जातंतूतून वीज जाते आणि तीच थेट स्नायूला हलवते. १९२१ साली ऑस्ट्रियात ग्राझ इथे ओटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं द्रावणात ठेवली. पहिल्या हृदयाचा व्हेगस मज्जातंतू उद्दीपित केला, ते हृदय मंदावलं. मग त्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं. त्याच्या मज्जातंतूला कुणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. द्रावणात काहीतरी उतरलं होतं. ते अॅसिटिलकोलिन होतं हे नंतर सिद्ध झालं, आणि १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. दोन पेशींमधली फट सुमारे २० नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी असते. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि एकेकीच्या अशा हजारो फटी. आपला राग, झोप, भूक, हाताची थरथर, परीक्षेच्या सकाळी पोटात येणारा गोळा, सगळं या फटींतून जातं.

पण एक गोष्ट नीट समजली नाही तर हे सगळं ज्ञान उलट दिशेला नेतं. रसायनाला स्वतःचा अर्थ नसतो. जे अॅसिटिलकोलिन हृदयाला मंदावतं तेच दंडाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावतं. अर्थ ठरतो तो घेणाऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरने. एकाच मजकुराची तार दोन घरांत जावी, एका घरात लग्नाची तयारी सुरू व्हावी आणि दुसऱ्यात रडारड, तसं आहे हे. म्हणून नुसतं ‘अमुक रसायन वाढलं’ म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. कुठे वाढलं, कुणी घेतलं, किती वेळ टिकलं, हे विचारावं लागतं.

ही अचूकता किती महत्त्वाची असते ते दाखवणारी घटना महाराष्ट्रातच घडली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणाऱ्या वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला. फवारलेल्या औषधांपैकी काही ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली होती. अॅसिटिलकोलिनचं काम झालं की त्याला लगेच मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, ही औषधं त्या एन्झाइमलाच निकामी करतात. मग अॅसिटिलकोलिन फटीत साठत जातं. घाम, लाळ, उलट्या, गुदमरणं. वरवर बघणाऱ्याला विंचवाच्या रुग्णासारखंच वाटेल. पण या रुग्णाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, आणि त्याला वाचवणारं औषध आहे अॅट्रोपीन, जे महाडच्या मुलाला देणं चुकीचं होतं. एकच घाम, एकच लाळ, पण संदेशाचा गोंधळ वेगळ्या जागी, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला घातक. जे डॉक्टर हा फरक करतात ते जीव वाचवतात. हा फरक करण्याइतका वेळ आणि साधनं आपण ग्रामीण केंद्रातल्या डॉक्टरला देतो का, हा प्रश्न यवतमाळच्या मजुरांच्या मृत्यूनंतरही संपलेला नाही.

आता कातडीखालच्या बिघाडाकडे येऊ. पनवेल तालुक्यात, माथेरानच्या डोंगराच्या बाजूला नेरे गाव आहे. तिथे कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन, म्हणजे कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. पनवेलकरांना ते चांगलं माहीत आहे. कुष्ठरोग हा कातडीचा रोग अशी आपली समजूत, पण मुळात तो मज्जातंतूंचा रोग आहे. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली त्याचा जिवाणू शोधला. हा जिवाणू मज्जातंतूंना वेढून असणाऱ्या श्वान पेशींमध्ये घर करतो, आणि त्याला शरीराचे थंड भाग आवडतात. म्हणून कोपराजवळून, गुडघ्याच्या बाजूने, घोट्यामागून, कातडीच्या अगदी खालून जाणारे मज्जातंतू तो आधी गाठतो. विंचवाच्या दंशात संदेशांचा पूर येतो, इथे संदेश थांबतात. गरम पातेलं धरलं तरी हात सुटत नाही. पायात काटा मोडला तरी चाल बदलत नाही. घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतूही मेलेले असतात, त्यामुळे कातडी कोरडी पडून भेगाळते. भेगेत जखम, जखमेत पू, आणि कशाचीच जाणीव नाही. बोटं झडतात ती रोगाने खाल्ली म्हणून, असं शतकानुशतकं मानलं गेलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने दाखवून दिलं की बोटांचा नाश मुख्यतः वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी आणि त्यांत होणाऱ्या जंतुसंसर्गाने होतो.

वेदना गेली की वागणं किती बदलतं याचा आपण विचारच करत नाही. तुम्ही-आम्ही बराच वेळ एका पायावर भार ठेवून उभे राहिलो तर नकळत पाय बदलतो. रात्री झोपेत कूस बदलतो. ही सावधगिरी आपण शिकलेली नसते, ती मज्जातंतू आपल्यासाठी करत असतात. कुष्ठरुग्णाला ती डोळ्यांनी करावी लागते. रोज संध्याकाळी तळवे बघायचे, चुलीशी जाताना फडकं घ्यायचं, चप्पल झटकून बघायची. आणि अशा माणसाला आपण काय केलं? गावाबाहेर काढलं. पूर्वजन्मीचं पाप म्हणालो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, पुढे सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी रोग बरा होऊ लागला, गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळू लागल्या. तरीही बरा झालेला माणूस घरी घेतला जात नव्हता, म्हणून शांतिवनासारख्या वसाहतींची गरज संपली नाही. जिवाणू मारायला औषध पुरलं. माणसांच्या मनातला निवाडा बदलायला औषध पुरलं नाही, तिथे अनेकांना आयुष्य घालावं लागलं.

कायद्याचाच दाखला घ्या. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण होतं. रोग गोळ्यांनी बरा होऊ लागल्यावरही ते तीन दशकांहून अधिक काळ तसंच राहिलं आणि २०१९ साली संसदेने ते वगळलं. उशिरा का होईना, शहाणपण आलं. पण त्याच कलमाच्या शेजारच्या पोटकलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आजही आहे. ज्याच्यासोबत राहणं शक्यच नाही अशा स्वरूपाच्या आणि तीव्रतेच्या विकाराची अट त्यात घातली आहे हे खरं, न्यायालयं ती अट काटेकोरपणे तपासतात हेही खरं. तरी ज्या संसदेने मज्जातंतूच्या एका रोगाचा कलंक पुसला तिने दुसऱ्याकडे बघितलं नाही, हे नोंदवलं पाहिजे. कर्करोगाने किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने सहजीवन कितीही अवघड केलं तरी त्या आजारांची नावं कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेली नाहीत.

आणि तिसरा बिघाड, मेंदूतला. पनवेलहून कर्जतला रेल्वेने जाता येतं. कर्जतला ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’चं केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने हे काम १९८८ साली मुंबईत सुरू केलं. एका हॉटेलात बसले असताना त्यांना बाहेर एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेलं, उपचार केले. बरा झाल्यावर तो आंध्रातला पदवीधर निघाला. त्यानंतर रस्त्यावर भटकणारे हजारो मनोरुग्ण या संस्थेने बरे करून देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवले. २०१८ साली भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या ज्या माणसाला आपण वळसा घालून जातो त्याच्या मेंदूत काय चाललेलं असतं? कुणी आपल्याविरुद्ध कट करतंय असं त्याला पक्कं वाटतं, नसलेले आवाज ऐकू येतात. या आवाजांशी मेंदूतल्या डोपामिनच्या संदेशांचा जवळचा संबंध आहे. डोपामिनचे रिसेप्टर अडवणारी औषधं दिली की अनेकांचे आवाज काही आठवड्यांत विरत जातात. महाडच्या मुलाला दिलेल्या गोळीचंच हे तत्त्व, फक्त रिसेप्टर निराळा.

आणि डोपामिनच्या शोधाचा एक रस्ता मुंबईतून गेलेला आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. सर्पगंधेचं मूळ उत्तर भारतात वेडावरचं औषध म्हणून पूर्वापार दिलं जाई. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर त्याचा उपयोग नोंदवला. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन ज्या पिशव्यांत साठवलेली असतात त्या रेसर्पिन भरू देत नाही. साठा संपतो. रक्तदाब उतरतो, उन्माद शमतो, आणि काही रुग्ण खोल उदासीत जातात. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं तेव्हा ते निश्चल झाले, मग डोपामिन ज्यापासून बनतं ते लेव्होडोपा दिल्यावर थोड्याच वेळात पुन्हा हिंडू लागले. डोपामिन हा स्वतंत्र संदेशवाहक आहे हे त्यातून उलगडलं. पार्किन्सनचा उपचार तिथून निघाला, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. एकच मुळी रक्तदाबालाही लागू पडते आणि वेडालाही, हे सेन आणि बोस यांना १९३१ सालीच दिसलं होतं. शरीर आणि मन यांच्यामध्ये आपण जी भिंत मानतो ती त्या मुळीला माहीत नव्हती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. मग काय, माणूस म्हणजे नुसती रसायनं? राग आला, रसायन. प्रेम केलं, रसायन. गुन्हा केला, तेही रसायन, मग जबाबदारी कुणाची? आजकाल तर शाळकरी मुलंही मोबाइल सुटत नाही याचं कारण ‘डोपामिन’ सांगतात. ‘आनंदाचं रसायन’ वाढवणारे आहार विकले जातात. या भाषेचा मला मनापासून विरोध आहे, आणि तो याच शास्त्राच्या आधारावर आहे. अतिदक्षता विभागात रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाच्या शिरेतून डोपामिन दिलं जात असे, आजही क्वचित देतात. त्याने कुणी आनंदी होत नाही, कारण शिरेतलं डोपामिन मेंदूत शिरतच नाही. शरीरातलं सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं. २०२२ साली लंडनमधल्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, या सर्वत्र पसरलेल्या समजुतीला पुरेसा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. याचा अर्थ नैराश्यावरची औषधं निरुपयोगी असा होत नाही. ती पुष्कळांना उपयोगी पडतात. अर्थ एवढाच की त्या औषधांमागची कथा आपण समजतो तेवढी सोपी नाही.

प्राझोसिनचंच पुढचं प्रकरण या बाबतीत शिकवणारं आहे. युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना वर्षानुवर्षं भयानक स्वप्नं पडतात. झोपेत मेंदूत नॉरअॅड्रेनॅलिनचा जोर वाढत असेल, तर तेच रिसेप्टर अडवणारी प्राझोसिन देऊन बघू, असा विचार झाला. छोट्या अभ्यासांत फायदा दिसला. पण २०१८ साली माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले तेव्हा खोट्या गोळीपेक्षा प्राझोसिन सरस ठरली नाही. महाडमध्ये इतकं स्पष्ट उत्तर देणारी गोळी स्वप्नांच्या बाबतीत का अडखळली? कारण विंचवाच्या दंशात रक्तवाहिन्या आवळल्या जातात त्याला एक कारण आहे, युद्धाच्या स्वप्नाला अनेक कारणं आहेत. त्यात मेलेला मित्र आहे, परतल्यावर न मिळालेली नोकरी आहे, तुटलेलं घर आहे. ही कारणंही शेवटी चेतापेशींतूनच जातात, पण त्यांचा उगम चेतापेशीत नाही. रसायनं अनुभव बदलतात, तसाच अनुभवही मेंदूची रसायनं बदलतो. वाटवानींच्या केंद्रात रुग्णाला औषध देतात आणि मग त्याला त्याच्या गावी, त्याच्या आईकडे नेऊन सोडतात. दोन्ही करतात. एक केलं असतं तर काम अर्धवट राहिलं असतं.

जबाबदारीचं म्हणाल तर, चेताशास्त्र ती काढून घेत नाही. ते ती अधिक न्यायाने वाटतं. ज्याच्या मेंदूत खोटे आवाज घुमत आहेत त्याला ‘मनावर घे, सगळं ठीक होईल’ म्हणणं हे फुप्फुसांत पाणी भरलेल्या मुलाला नीट श्वास घे म्हणण्यासारखं निर्दय आहे. पण त्याला औषध न मिळणं, कुणी दवाखान्यात न नेणं, साखळीने बांधून ठेवणं, याची जबाबदारी शुद्धीवर असलेल्या आपल्यासारख्यांवर येते आणि ती टाळता येत नाही.

विंचू उतरवणाऱ्यांची कीर्ती कशी टिकली, हे या संदर्भात समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक दंश नुसत्या वेदनेचे असतात. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचं विष लाल विंचवापेक्षा सौम्य. वेदना काही तासांत आपोआप उतरते आणि श्रेय मंत्राला जातं. ज्याच्या हृदयावर विष गेलं तो मात्र मंत्राच्या वेळखाऊपणात मरतो, आणि दोष नशिबाला जातो. मानसिक आजारातही हेच होतं. अनेक मनोविकारांची लाट येते आणि ओसरते. ती ओसरायच्या सुमारास कुणी उतारा टाकला असेल तर भगताचा गुण येतो. पुढच्या लाटेला पुन्हा त्याच्याचकडे नेतात, आणि मधली मोलाची वर्षं निघून जातात. गावातला प्रत्येक भगत लबाडच असतो असं मी म्हणत नाही. जवळ डॉक्टर नव्हता तेव्हा लोकांना आधार तोच होता. पण आधार आणि उपचार यांतला फरक जीवावर बेततो.

महाराष्ट्राने हा फरक कायद्यात लिहिला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो त्याच वर्षी झाला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेत. त्याच अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांनी विंचू आणि भूत एका यादीत बसवले, हे मला फार योग्य वाटतं. पहिल्या बाबतीत समाज कायद्याच्या पुढे गेला आहे. आज विंचू चावलेल्याला रायगडातले लोक बहुधा दवाखान्यातच नेतात, कारण त्यांनी माणसं वाचलेली पाहिली आहेत. दुसऱ्या बाबतीत समाज मागे आहे, कारण बरा झालेला मनोरुग्ण त्यांना दिसतच नाही. तो बरा झाला की घरचे लोक त्याचा आजार लपवतात. विंचवातून वाचलेला पोरगा गावभर मिरवतो, स्किझोफ्रेनियातून सावरलेली मुलगी गोळीची पाकिटं पर्सच्या तळाशी ठेवते. महाडचा उपचार पसरला तो नुसत्या लेखांमुळे नाही, वाचलेल्या माणसांमुळेही पसरला. मनोविकारांच्या बाबतीत ही साक्ष द्यायला कुणी पुढे येत नाही, आणि येणाऱ्याला आपण सुखाने जगू देत नाही.

पनवेल हे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव. कोकणातून, पुण्याहून, मुंबईहून इथे गाड्या येतात, एसटीचं मोठं स्थानक आहे, महामार्ग इथे मिळतात. घर सोडून भरकटलेला माणूस अशा ठिकाणी सापडतोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार, आपल्या हद्दीत भटकणाऱ्या आणि मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देऊन जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत पोहोचवणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. याच कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानलं आहे. कायदा चांगला आहे. तो वापरला जाण्यासाठी ठाण्यात कुणीतरी फोन करावा लागतो, आणि फोन करणाऱ्याने ‘एक वेडा फिरतोय, त्याला हाकला’ न म्हणता ‘एक आजारी माणूस इथे आहे’ असं म्हणावं लागतं.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या आहेत. आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा की विंचवासाठी प्राझोसिन आणि प्रतिविष आहे का, आणि त्याच खेपेला विचारा की मनोविकारांवरची औषधं आहेत का, महिन्यातून किती वेळा मनोविकारतज्ज्ञ येतात. दोन्ही प्रश्न एकाच आवाजात, एकाच खिडकीशी विचारा. आणि घरात कुणाला आवाज ऐकू येत असतील, कुणी दिवसच्या दिवस अंथरुणातून उठत नसेल, तर दाराला कडी लावू नका, लोक काय म्हणतील याची वाट बघू नका. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.